मल्टिकास्ट सॉकेट सुरुवातीला नीट चालते आणि चार-साडेचार मिनिटांनी डेटाग्राम येणे थांबते

प्रश्न
टेरी_शेड (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

नमस्कार. टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी देखभालीचे आणि त्याला जोडून येणारे प्रोग्रॅमिंगचे काम पाहतो. शेडमधला कोणता माग चालू आहे, कोणता थांबला आहे, थांबला असल्यास ताणा तुटल्यामुळे की बाण्यामुळे, आणि चालू पाळीत किती मीटर कापड निघाले, ही सगळी माहिती एक लिनक्स सर्व्हर गोळा करतो आणि ती शेडभर लावलेल्या फलकांवर दिसते. प्रत्येक फलकामागे लिनक्सवर चालणारा एक लहान एआरएम बोर्ड आहे. पूर्वी सर्व्हर प्रत्येक फलकाशी वेगळी टीसीपी जोडणी ठेवून तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवत असे. फलक वाढत गेल्यावर आणि एखादा बोर्ड बंद पडला की त्याच्या जोडणीमुळे बाकीचेही खोळंबू लागल्यावर, एकदाच पाठवावे आणि सर्वांनी ऐकावे या विचाराने मी हे काम यूडीपी मल्टिकास्टवर (एकदा पाठवलेले पाकीट, म्हणजे डेटाग्राम, गटातल्या सर्वांना देणाऱ्या पद्धतीवर) आणले.

गटाचा पत्ता २३९.२०.५.१ आणि पोर्ट २०५०१ आहे. फलकावरचा सी प्रोग्राम सॉकेट उघडतो, एसओ_रीयूजॲडर (तोच पत्ता पुन्हा वापरू देणारा पर्याय) लावतो, आयएनॲडर_एनी (‘कोणताही पत्ता’) आणि पोर्ट यांवर बाइंड करतो, म्हणजे सॉकेट त्यांना जोडतो, आयपी_ॲड_मेंबरशिपने गटात सामील होतो आणि मग रिसीव्हफ्रॉमवर वाट पाहत राहतो. सामील होताना इंटरफेसच्या जागीही मी आयएनॲडर_एनीच दिले आहे. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत, एक कार्यालयाच्या जाळ्याचे आणि एक शेडच्या जाळ्याचे.

शेडमधला जुना साधा स्विच काढून मॅनेज्ड (मांडणी बदलता येणारा) स्विच बसवला, तेव्हापासून अडचण सुरू झाली. प्रोग्राम चालू करताच माहिती येते, चार मिनिटांहून थोडा अधिक काळ सुरळीत येत राहते आणि मग एकाएकी थांबते. सेटसॉकऑप्ट (सॉकेटचे पर्याय लावणारे फंक्शन) कोणतीही त्रुटी परत देत नाही, रिसीव्हफ्रॉम नुसता थांबून राहतो आणि सर्व्हर मात्र पाठवतच असतो. एका फलकावरचा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, तर त्या एकाच फलकावर माहिती येऊ लागते, तीही तेवढ्याच वेळापुरती. तूर्त दर तीन मिनिटांनी गट सोडून पुन्हा सामील व्हावे असा टायमर प्रोग्राममध्ये घालावा का, असा विचार आहे. हा मार्ग योग्य आहे का, आणि बाइंड नेमके कोणत्या पत्त्यावर करावे, आयएनॲडर_एनीवर की गटाच्या पत्त्यावर, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
जुळे_सोलापूर_नेट

आपल्या वर्णनातल्या दोन गोष्टी निर्णायक आहेत. एक, माहिती थांबण्याची वेळ प्रत्येक वेळी जवळजवळ तीच आहे. दोन, प्रोग्राम पुन्हा चालू केला की फक्त त्याच फलकाची माहिती सुरू होते. या दोन्ही गोष्टी स्विचकडे बोट दाखवतात. आपला प्रोग्राम, निदान या दोषापुरता, निर्दोष आहे.

आयपी_ॲड_मेंबरशिप दिल्यावर काय घडते ते आधी पाहू. कर्नल त्या इंटरफेसच्या यादीत गटाची नोंद करतो, नेटवर्क कार्डाला त्या गटाच्या हार्डवेअर पत्त्यावरच्या फ्रेमी स्वीकारायला सांगतो, आणि ‘मला हा गट हवा आहे’ असा आयजीएमपी (मल्टिकास्ट गटाचे सदस्यत्व कळवणारा प्रोटोकॉल) अहवाल जाळ्यावर पाठवतो. सी प्रोग्रामचे काम तिथेच संपते. हा अहवाल मुळात राउटरसाठी आहे. स्टीव्ह डीअरिंग यांच्या १९८९ सालच्या आरएफसी १११२ या इंटरनेट मानकात यजमान (जाळ्याला जोडलेले यंत्र) आणि मल्टिकास्ट राउटर असे दोनच पक्ष आहेत, मधल्या स्विचला त्यात काही भूमिका नाही. स्विचने हे संभाषण चोरून ऐकावे आणि ज्या पोर्टवरून अहवाल आला त्याच पोर्टवर गटाची रहदारी सोडावी, ही नंतर आलेली सोय म्हणजे आयजीएमपी स्नूपिंग. जुन्या साध्या स्विचला यातले काही कळत नव्हते, तो मल्टिकास्ट फ्रेम सर्व पोर्टांवर सोडून देत होता, म्हणून आपले काम बिनतक्रार चालत होते. मॅनेज्ड स्विचमध्ये स्नूपिंग बहुधा आधीपासूनच चालू असते.

आता वेळेचा प्रश्न. स्विचने ऐकलेली नोंद कायमची नसते, कारण एखादा यजमान वीज जाऊन बंद पडला तर तो गट सोडल्याचे सांगायला शिल्लक राहत नाही. म्हणून जाळ्यावर कोणीतरी ठरावीक काळाने ‘कोणाला कोणता गट हवा आहे’ असे विचारायचे आणि यजमानांनी उत्तर द्यायचे, अशी व्यवस्था आहे. पाळीत मुकादमाने हजेरी घ्यावी आणि ओ देणाऱ्याचेच नाव हजेरीपटावर राहावे, तसे हे आहे. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात आणि हे काम मल्टिकास्ट राउटर करतो. आपल्या शेडच्या जाळ्यात असा राउटरच नसणार. प्रोग्राम सुरू होताना कर्नल स्वतःहून जो अहवाल पाठवतो तेवढा स्विच ऐकतो. त्यानंतर कोणी विचारत नाही, म्हणून कोणी उत्तर देत नाही, आणि मुदत संपली की स्विच नोंद पुसून टाकतो. ही मुदत प्रमाणित मूल्यांनुसार अशी निघते: विचारणेतील अंतर १२५ सेकंद, त्याची २ ने गुणून केलेली दुप्पट २५० सेकंद, आणि त्यात उत्तरासाठी दिलेली १० सेकंदांची सवलत. एकूण २६० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे २० सेकंद. आपण सांगितलेला काळ याच्याशी तंतोतंत जुळतो.

माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा. माहिती थांबल्यानंतर, प्रोग्रामला हात न लावता, फलकाच्या बोर्डवर ‘/प्रॉक/नेट/आयजीएमपी’ ही फाइल वाचा. तिथे गट सोळा-आधारी अंकांत आणि अशा बोर्डांवर उलट क्रमाने छापलेला असतो, त्यामुळे २३९.२०.५.१ हा पत्ता ‘०१०५१४ईएफ’ असा दिसेल. तो तिथे असेल, तर कर्नलने सदस्यत्व सोडलेले नाही हे सिद्ध झाले. नंतर टीसीपीडम्पला (जाळ्यावरची रहदारी दाखवणाऱ्या साधनाला) फक्त आयजीएमपी दाखवण्याची सूचना देऊन चालू ठेवा आणि प्रोग्राम नव्याने सुरू करा. सुरुवातीचे अहवाल दिसतील, परंतु २२४.०.०.१ या पत्त्यावर येणारी विचारणा एकदाही दिसणार नाही. शेवटी टीसीपीडम्पला पोर्ट २०५०१ ची रहदारी दाखवायला सांगा. माहिती थांबली त्या क्षणापासून तिथेही काही दिसत नसेल, तर डेटाग्राम बोर्डपर्यंत पोचतच नाहीत. याउलट टीसीपीडम्पमध्ये दिसतात पण प्रोग्रामला मिळत नाहीत असे असते, तर फायरवॉल, उलट-मार्ग तपासणी (पाठवणाऱ्याकडे परतीचा मार्ग त्याच इंटरफेसने जातो का हे पाहणारी) किंवा बाइंड यांत दोष शोधावा लागला असता. मल्टिकास्टच्या प्रत्येक तक्रारीत मी ही सीमारेषा सर्वांत आधी आखतो.

उपाय स्विचवर करायचा आहे. त्याच्या मांडणीत आयजीएमपी स्नूपिंग क्वेरिअर असा पर्याय शोधा, तो शेडच्या व्हीलॅनसाठी (स्विचवर वेगळ्या काढलेल्या जाळ्यासाठी) चालू करा आणि त्या व्हीलॅनमध्ये स्विचला स्वतःचा आयपी पत्ता द्या. पत्ता नसेल तर काही स्विच विचारणा पाठवतच नाहीत, काही ०.०.०.० या पत्त्यावरून पाठवतात. शेडमध्ये असे अनेक स्विच एकमेकांना जोडलेले असले तरी दोनांवर क्वेरिअर चालू ठेवल्याने बिघडत नाही; आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून सर्वांत लहान आयपी पत्ता असलेला विचारणारा ठरतो आणि दुसरा गप्प राहतो. स्विचमध्ये क्वेरिअरची सोयच नसेल तर लिनक्स ब्रिजवर (लिनक्समधल्या सॉफ्टवेअर स्विचवर) ‘मल्टिकास्ट_क्वेरिअर’ चालू करून तेच काम एखाद्या यंत्राकडून करवून घेता येते. हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेवण्यासारखी आहे: लिनक्स ब्रिज स्वतः स्नूपिंग करतो आणि त्याचा क्वेरिअर मात्र मुळात बंद असतो, त्यामुळे सर्व्हर किंवा श्रोता व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल तर हाच दोष एकाच यंत्राच्या आतही उद्भवतो.

स्नूपिंग सरसकट बंद करा, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. त्याने माहिती लगेच वाहू लागेल हे खरे, परंतु मग गटाची प्रत्येक फ्रेम प्रत्येक पोर्टवर जाईल, आणि त्या जाळ्यावर एखादा वायफाय ॲक्सेस पॉइंट असेल तर तो ती सगळी हवेतही सोडेल. क्वेरिअर चालू करण्याची सोय असताना हा मार्ग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २
होटगी_रोड_सी

वरील निदान बरोबर आहे असे मलाही वाटते. प्रोग्रामबाबतचे प्रश्न अनुत्तरित आहेत, म्हणून त्यांविषयी लिहितो.

गट सोडून पुन्हा सामील होण्याचा टायमर घालू नका. सदस्यत्व कर्नलमध्ये इंटरफेसनिहाय मोजले जाते. एका बोर्डवर दोन प्रक्रिया त्याच गटात असतील, तर एकीने सोडल्याने गटाची नोंद जात नाही आणि तिने पुन्हा सामील झाल्याने नवा अहवालही जात नाही. आज एकाच प्रक्रियेमुळे चालणारी युक्ती, उद्या त्याच बोर्डवर नोंदी साठवणारा दुसरा श्रोता चालवल्यावर निकामी होईल आणि कारण शोधताना नाकी नऊ येतील. शिवाय एकच प्रक्रिया असली तरी गट सोडल्याचा संदेश जाणे आणि पुन्हा नोंद होणे यांच्या मधले डेटाग्राम हरवतात.

याच्याच जोडीची दुसरी पळवाट म्हणजे २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ मधला पत्ता वापरणे. स्नूपिंग करणारे स्विच ही रहदारी सर्व पोर्टांवर सोडतात, म्हणून ती चालते. पण ते पत्ते राउटिंग आणि तत्सम नियंत्रण प्रोटोकॉलसाठी राखीव आहेत, त्यांत आपली माहिती घुसवू नये. आपण संस्थेच्या आतील वापरासाठी राखलेल्या २३९ च्या पट्ट्यातला पत्ता घेतला आहे, तो योग्य आहे. मात्र त्या पट्ट्यातही २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x टाळा. गटाच्या ३२ बिटांपैकी शेवटचे २३ बिटच हार्डवेअर पत्त्यात उतरतात, त्यामुळे २३९.१२८.०.५ चा हार्डवेअर पत्ता ०१:००:५ई:००:००:०५ होतो, आणि तोच ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या २२४.०.०.५ चाही आहे. आपल्या २३९.२०.५.१ चा पत्ता ०१:००:५ई:१४:०५:०१ होतो. तोच पत्ता असणारे एकूण ३२ गट निघतात, पण आपल्या जाळ्यात आपण त्यांपैकी एकच वापरत असल्याने अडचण नाही.

बाइंडबद्दल. आयएनॲडर_एनीवर बाइंड केलेल्या लिनक्स सॉकेटला त्याने स्वतः मागितलेल्याच गटाचे डेटाग्राम मिळतील अशी समजूत असते, पण तसे होत नाही. त्याच यंत्रावर दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेने दुसरा गट मागितला असेल आणि पोर्ट तेच असेल, तर तेही डेटाग्राम आपल्या सॉकेटवर येऊन पडतात. हे टाळण्याचे दोन मार्ग आहेत: लिनक्स २.६.३१ पासून उपलब्ध असलेले आयपी_मल्टिकास्ट_ऑल शून्य करणे, किंवा थेट गटाच्या पत्त्यावर बाइंड करणे. एकाच गटाच्या श्रोत्यासाठी मी दुसरा मार्ग निवडतो, कारण त्यामुळे बोर्डच्या स्वतःच्या पत्त्यावर आलेले भलते यूडीपीही आपोआप गाळले जाते आणि हा मार्ग बीएसडी या युनिक्स कुळातल्या प्रणालींवरही चालतो. मात्र इंटरफेसच्या स्वतःच्या आयपी पत्त्यावर बाइंड कधीही करू नका. तसे केल्यास गटाच्या पत्त्यावर आलेला डेटाग्राम जुळत नाही आणि सॉकेट कायमचे मुके राहते. एका बोर्डवर एकाहून अधिक श्रोते हवे असतील तर लिनक्सवर एसओ_रीयूजॲडर पुरते, बीएसडी आणि मॅकओएसवर एसओ_रीयूजपोर्ट द्यावे लागू शकते, आणि दोन्ही बाइंडच्या आधी द्यायचे असतात.

आपल्या मांडणीत मला खरा धोका दिसतो तो इंटरफेसच्या जागी दिलेल्या आयएनॲडर_एनीमध्ये. त्याचा अर्थ ‘सर्व इंटरफेस’ असा होत नाही. ‘राउटिंग तक्त्यानुसार कर्नलने एक निवडावा’ असा तो होतो. फलकाच्या बोर्डला एकच कार्ड असल्याने आज काही बिघडत नाही. पण आपल्या सर्व्हरला दोन कार्डे आहेत आणि डीफॉल्ट मार्ग बहुधा कार्यालयाच्या बाजूने जातो. तिथे आयपी_मल्टिकास्ट_आयएफ लावून पाठवण्याचा इंटरफेस स्पष्ट सांगितला नाही, तर राउटिंग तक्त्यात कोणी बदल केल्याबरोबर मागांची सगळी माहिती कार्यालयाच्या जाळ्यावर जाऊ लागेल आणि शेडमधले फलक कोरे राहतील. फलकांवरही पुढेमागे दुसरा इंटरफेस येणारच नाही असे नाही, तेव्हा आताच इंटरफेस नावानिशी ठरवून द्या. आयपी_एमरेकएन या रचनेत इंटरफेसचा क्रमांक देता येतो आणि तो आयएफ_नेमटूइंडेक्सने मिळतो. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याला मी २००४ च्या आरएफसी ३६७८ मधील एमकास्ट_जॉइन_ग्रुप सुचवीन. तो लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोन्हींवर आहे, आणि आयपीव्ही४ व आयपीव्ही६ दोन्हींसाठी तीच एक रचना चालते.

बोर्ड चालू होताना प्रोग्राम नेटवर्कच्या आधी उठला आणि एकही मार्ग तयार नसला, तर सामील होण्याची विनंती ‘असे उपकरण नाही’ या त्रुटीने परत येते. म्हणून सेटसॉकऑप्टने परत दिलेले मूल्य तपासा आणि अपयश आल्यास थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करा. असा प्रयत्न करणे आणि आपण म्हणता तो दर तीन मिनिटांचा टायमर या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक. आपल्या शेडच्या पलीकडे, राउटर ओलांडून माहिती न्यायची झाल्यास आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल (डेटाग्राम किती टप्पे जाईल ते ठरवणारे मूल्य) वाढवावे लागेल, कारण त्याचे मूळ मूल्य १ आहे. तिथे एका बाइटचे अनसाइन्ड कॅर द्या. लिनक्स इंटही चालवून घेतो, पण काही बीएसडी घेत नाहीत.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर
टेरी_शेड

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे पडताळणी केली. माहिती थांबल्यानंतरही ‘०१०५१४ईएफ’ ही ओळ फाइलमध्ये होती, टीसीपीडम्पमध्ये एकही विचारणा दिसली नाही आणि पोर्ट २०५०१ वर त्या क्षणापासून शुकशुकाट होता. स्विचला शेडच्या व्हीलॅनमध्ये आयपी पत्ता देऊन क्वेरिअर चालू केला. आता दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ वर विचारणा येते, बोर्ड काही सेकंदांत उत्तर देतात आणि रात्रपाळी संपेपर्यंत तारेने जोडलेल्या एकाही फलकावर खंड पडला नाही. सर्व्हरवर पाठवण्याचा इंटरफेसही नेमून दिला आणि फलकांवर गटाच्या पत्त्यावर बाइंड केले.

एक गोष्ट बाकी आहे. घड्या आणि पॅकिंगच्या विभागात तार नेणे शक्य नसल्याने तिथले दोन फलक वायफायवर आहेत. त्यांवर माहिती येते, पण अधूनमधून काही क्षण गोठल्यासारखी होते आणि मग पुढचा आकडा एकदम उडी मारून दिसतो. त्याच ॲक्सेस पॉइंटवरून एसएसएचने (दूरस्थ लॉगिनने) बोर्डवर काम करताना मात्र कसलाही अडथळा जाणवत नाही. सर्व्हर सेकंदाला चार डेटाग्राम पाठवतो आणि प्रत्येक डेटाग्राम १४०० बाइटांच्या आत असतो.

उत्तर ३
विजापूर_वेस_वायफाय

एसएसएच सुरळीत चालते आणि मल्टिकास्ट अडखळते, यात विसंगती नाही. वायफायवर एका यंत्राला उद्देशून पाठवलेल्या फ्रेमची पोच मिळते, आणि पोच मिळाली नाही तर ॲक्सेस पॉइंट ती फ्रेम पुन्हा पाठवतो. मल्टिकास्ट फ्रेमची पोच कोणीच देत नाही, त्यामुळे हवेत हरवली ती हरवली. शिवाय सर्वांत दूरच्या यंत्रालाही ऐकू जावी म्हणून ती सहसा सर्वांत कमी मूलभूत वेगाने पाठवली जाते, म्हणजे तेवढ्याच बाइटांसाठी हवा अधिक काळ अडवून ठेवते आणि त्यामुळे टकरीची शक्यताही वाढते. यात वीजबचतीची भर पडते. जाळ्यावरचे एखादे जरी यंत्र वीजबचतीत असेल, तरी ॲक्सेस पॉइंट सगळे मल्टिकास्ट अडवून ठेवतो आणि ठरावीक बीकननंतर (ॲक्सेस पॉइंटच्या नियमित घोषणेनंतर) एकत्र सोडतो. आकडे गोठणे आणि मग उडी मारणे यामागे हेही असू शकते.

अनेक ॲक्सेस पॉइंटांमध्ये मल्टिकास्टचे प्रत्येक सदस्यासाठी वेगळ्या युनिकास्ट फ्रेमीत रूपांतर करण्याची सोय असते. ती असेल तर आधी चालू करून पाहा. दोन फलकांसाठी हवेवर पडणारा जादा भार नगण्य आहे. ती नसेल, तर तारेने जोडलेल्या एखाद्या बोर्डवर एक छोटा प्रोग्राम ठेवा, जो गटात सामील होऊन ऐकेल आणि आलेला प्रत्येक डेटाग्राम त्या दोन फलकांच्या पत्त्यांवर साध्या यूडीपीने पुढे पाठवेल. फलकावरच्या प्रोग्रामने अशा वेळी आयएनॲडर_एनीवर बाइंड करायला हवे, कारण डेटाग्राम आता गटाच्या पत्त्यावर येणार नाही. मी स्वतः दुसऱ्या मार्गाला पसंती देईन, कारण तो ॲक्सेस पॉइंट बदलला तरी टिकतो.

उत्तर ४
होटगी_रोड_सी

वायफायवरचा तोटा कमी होईल, संपणार नाही. तारेवरही यूडीपी कसली हमी देत नाही. म्हणून डेटाग्रामची रचनाच अशी ठेवा की एखादा हरवला तरी फलक चुकीचे काही दाखवणार नाही. ‘माग थांबला’, ‘माग सुरू झाला’ असे बदल पाठवले आणि त्यांतला एक हरवला, तर फलक पुढचा बदल येईपर्यंत खोटे बोलत राहतो. त्याऐवजी प्रत्येक डेटाग्राममध्ये त्यातल्या मागांची पूर्ण स्थिती आणि पाळीचे एकूण मीटर पाठवा. सेकंदाला चार डेटाग्राम जात असताना एखादा गेला तरी पुढचा चूक भरून काढतो. १४०० बाइटांची मर्यादा आहे तशीच पाळा. १५०० बाइटांच्या एमटीयूत (एका पाकिटाच्या कमाल आकारात) आयपी आणि यूडीपीची शीर्षके वजा जाता १४७२ बाइट उरतात, आणि त्यापुढे गेलात तर डेटाग्रामचे तुकडे होतात. त्यांतला एक हरवला की सगळाच जातो.

प्रत्येक डेटाग्रामच्या सुरुवातीला ३२ बिटांचा चढता क्रमांक आणि सर्व्हर प्रोग्राम सुरू झाल्याची वेळ ठेवा, दोन्ही नेटवर्क बाइट क्रमात (मोठ्या किमतीचा बाइट आधी). मागचा क्रमांक आणि नवा क्रमांक यांत फट दिसली की ती मोजून नोंदवहीत लिहा, म्हणजे कोणत्या फलकावर किती हरवते ते अंदाजाने सांगावे लागणार नाही. फट दिसताना ‘/प्रॉक/नेट/यूडीपी’ मधील शेवटचा स्तंभही पाहा. तिथला आकडा वाढत असेल, तर डेटाग्राम बोर्डपर्यंत पोचला होता, पण प्रोग्रामने वेळेत न वाचल्याने कर्नलने टाकून दिला. फलक रंगवण्याचे काम आणि रिसीव्हफ्रॉम एकाच धाग्यात असतील तर असे होते, आणि मग वायफायला दोष देण्यात अर्थ नसतो. दोन्ही कामे वेगळ्या धाग्यांत ठेवा. एसओ_आरसीव्हीबफ (सॉकेटचा येणाऱ्या माहितीचा बफर) वाढवून थोडी उसंत मिळते, पण चार डेटाग्रामांच्या या वेगाला मूळ बफर पुरेसा आहे. तो अपुरा पडत असेल, तर वाचणारा धागा कुठेतरी सेकंदानुसेकंद अडून बसला आहे असे समजा.

क्रमांकांची तुलना करताना ‘नवा मोठा आहे का’ असे थेट विचारू नका. दोघांची वजाबाकी ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात घ्या आणि ती शून्याहून अधिक आहे का ते पाहा, म्हणजे क्रमांक कमाल मूल्यावरून शून्यावर आला तरी क्रम बरोबर लागतो. सुरू झाल्याची वेळ बदललेली दिसली, तर सर्व्हर पुन्हा चालू झाला आहे असे धरून जुना क्रमांक विसरा आणि आलेला पहिला डेटाग्राम जसा आहे तसा स्वीकारा.